वारा मध्यम ते जोरदार

ती वावटळ आमच्या यादीत नव्हती, तिथूनच सगळी भानगड सुरू झाली.

दुपारी दीडला मी ऑफिसातून खाली उतरले. हातात एकच कागद होता. वाऱ्याच्या शब्दांची नवी यादी, तिच्या झेरॉक्स काढायच्या होत्या. आमचं हवामान कार्यालय तिसऱ्या मजल्यावर, झेरॉक्सचं दुकान रस्त्याच्या टोकाला, आणि समोरच एका रुग्णालयाच्या नव्या इमारतीचं बांधकाम. मी फुटपाथवर पाऊल ठेवते न ठेवते तोच कोपऱ्यावरची धूळ गोल फिरायला लागली. पालापाचोळा, चहाचे कागदी कप, कुणाची तरी बसची तिकिटं... सगळं गरगरत वर उठलं आणि जाता जाता माझ्या हातातला कागदही घेऊन गेलं. ओढणी सांभाळू की डोळे, अशी मी उभी! कागद दोन गिरक्या घेऊन बांधकामाच्या जाळीला जाऊन चिकटला.

जाळीच्या आतून एका हाताने तो अलगद सोडवला. पिवळं हेल्मेट घातलेला माणूस होता. कागद परत द्यायचा सोडून तो चक्क वाचायला लागला.

"माझा आहे तो," मी म्हणाले.

"हो, कळलं." तो वाचतच होता. "शांत, झुळूक, मंद, मध्यम, जोरदार, सोसाट्याचा, वादळी, तुफानी, झंझावाती... यात वावटळ नाहीये."

"वावटळ दोन मिनिटांची असते. तिचा अंदाज देता येत नाही."

"पण कागद तिनेच नेला ना?"

मला हसू आलं, ते मी दाबलं. अनोळखी माणसापुढे लगेच हसायचं नाही, असा माझा तेव्हा एक नियम होता. तो मात्र एकदम गंभीर झाला आणि मान तिरकी करून म्हणाला, "एक मिनिट. जरा बोला बरं."

"काय बोलू?"

"काहीही. 'पुढील चोवीस तासांत' म्हणा."

"पुढील चोवीस तासांत," मी म्हणाले. का म्हणाले, ते विचारू नका.

"तुम्हीच त्या!" तो एवढ्या जोरात ओरडला की रस्त्यावरची दोन माणसं थांबली. "सकाळी सातला फोनवर तुम्ही असता. तुमचं ऐकून मी वर चढतो, मॅडम. रोज."

त्याने बोट वर केलं. इमारतीच्या डोक्यावर उंच पिवळी क्रेन होती आणि तिच्या मानेपाशी काचेची एक खोली. ती माझ्या खिडकीतून मला रोज दिसायची. तिच्यात माणूस बसतो हे मला माहीत होतं, पण तो माझं ऐकून बसतो, हे काही माहीत नव्हतं.

माझं काम सांगते. साहेब नकाशे पाहतात, आकडे काढतात. त्या आकड्यांचे मी शब्द करते आणि सकाळी सातला व दुपारी दोनला ते टेलिफोनवर रेकॉर्ड करून ठेवते. ज्याला हवं त्याने नंबर फिरवावा आणि ऐकावं. कोण ऐकतं, याचा मी सहा वर्षांत एकदाही विचार केला नव्हता. आई ऐकायची, पण तिला वाळत घातलेल्या कपड्यांची काळजी असायची.

त्या दिवसापासून एक जण ऐकतो हे मला कळलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मी 'पुढील चोवीस तासांत' म्हणताना अडखळले. तीनदा रेकॉर्ड करावं लागलं. साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं.

---

तिसऱ्या दिवशी दुपारी चहाच्या टपरीवर तो भेटला. योगायोगाने, असं आम्ही दोघंही म्हणालो.

"तुमचा 'जोरदार' म्हणजे नेमका केवढा हो?" त्याने विचारलं.

"ताशी तीस किलोमीटरपासून पंचेचाळीसपर्यंत."

"तसं नाही. टोपी उडेल एवढा की पत्रा उडेल एवढा?"

मी विचार केला. "छत्री उलटी होईल एवढा."

"हां! मग तसंच सांगा ना लोकांना."

"सरकारी अंदाजात छत्री कशी सांगणार?"

"आणि 'तुफानी' कसं सांगता? तुफान गर्दी, तुफान हशा... परवा एका दुकानावर 'तुफान सवलत' लिहिलं होतं. तुम्ही 'तुफानी वारे' म्हणालात की मला आधी ती पाटी आठवते. मी खाली उतरायचं की खरेदीला जायचं?"

या माणसाचं म्हणणं खरं होतं, हीच पंचाईत होती. गेले चार महिने नवी यादी माझ्याच गळ्यात होती आणि नेमकं हेच मला सतावत होतं. झंझावात म्हटला की लोकांना पुढाऱ्याचा दौरा आठवतो. भन्नाट वारा म्हणावं, तर हल्ली चपलासुद्धा भन्नाट असतात. मोठ्या वादळांचे शब्द माणसांनी किरकोळ गोष्टींना वापरून झिजवून टाकले होते, आणि खरं वादळ आल्यावर सांगायला हातात काही उरत नव्हतं. हे मी ऑफिसात कुणाला सांगितलं असतं तर वेड्यात काढलं असतं. त्याने मात्र चहा थंड होऊ दिला आणि ऐकून घेतलं.

मग रोजच योगायोग व्हायला लागला. तो पंधरा वर्षं क्रेन चालवत होता, गावोगाव फिरला होता, आणि वाऱ्याचे शब्द त्याच्याकडे खिसा भरून होते. वारं सुटलं, वारं पडलं, वारा पिसाटला. एका किनाऱ्यावरच्या म्हाताऱ्याकडून त्याने 'वावधान', म्हणजे वादळी वारा, हा शब्द उचलला होता. त्याच्याकडे पावसाचेही निराळे होते. झड म्हणजे चार-चार दिवस न थांबणारा, झोडपतो तो वेगळा, आणि आभाळ फाटलं म्हणजे मात्र तोंड वर करून बघत बसायचं नाही. मी लिहून घ्यायची. तो सांगताना हाताने वारा करून दाखवायचा, आणि मी शब्दाकडे कमी, त्या हाताकडे जास्त बघायची. लांब बोटं, नखांत ग्रीस... आणि बोलताना ती अशी हळूच थांबायची, जणू काही नाजूक वस्तू खाली ठेवतोय.

"लिहिताय ना?" तो विचारायचा.

"लिहितेय की."

"पेन उघडा मग."

असं माझं चाललं होतं.

---

एका दुपारी पश्चिमेला काळी रेघ उठली. साहेब रडारवरून नजर न हटवता म्हणाले, "साठच्या आसपास जाईल. सोसाट्याचा की वादळी, तू ठरव."

आमच्या ऑफिसची ही जुनी पद्धत. आकडा दोन शब्दांच्या सीमेवर आला की शब्द लिहिणाऱ्याने ठरवायचा. एरवी मी खालचा शब्द घेते, उगाच लोकांना कशाला घाबरवा. त्या दिवशी मी खिडकीतून क्रेनकडे पाहिलं आणि 'वादळी' लिहिलं. ताबडतोब रेकॉर्ड केलं आणि बांधकामावर स्वतः फोनही लावला.

तो शिडीवरून उतरताना मला दिसत होता. उतरण्याआधी त्याने क्रेनचा लांब हात मोकळा सोडला होता. वादळात तो अडवून ठेवायचा नसतो, वाऱ्याबरोबर फिरू द्यायचा असतो, हे त्यानेच मला सांगितलं होतं. शिडीला एकशे ऐंशी पायऱ्या. मी पायऱ्या मोजत उभी. तो जमिनीवर टेकला आणि चारच मिनिटांत वारा आला. समोरच्या शेडचे पत्रे कागदासारखे उडाले, मग गारा सुरू झाल्या. लिंबाएवढ्या गारा! क्रेनच्या खोलीची एक काच फुटलेली मी इथून पाहिली. त्या काचेमागे तो असता तर... मी खुर्चीत बसले.

पाऊस ओसरल्यावर तो आमच्या जिन्यात उभा होता, चिंब भिजलेला.

"यादीत एक खूण करा, मॅडम," तो म्हणाला. "'वादळी' बरोबर आहे. तो शब्द बदलू नका."

"भिजलात तुम्ही."

"हो. पण जमिनीवर आहे." त्याने कपाळावरचं पाणी पुसलं. "पंधरा वर्षांत मी कुणाच्या शब्दावर खाली आलो नव्हतो. स्वतःच्या डोळ्यांनी बघून उतरायचो. आज बघितलंसुद्धा नाही..."

मी त्याला माझा टॉवेल दिला. मला हा माणूस आवडतो, हे मला त्या जिन्यात कळलं, अगदी स्पष्ट, आकड्यासह कळावं तसं.

---

पुढच्या महिन्यात इमारतीचा शेवटचा स्लॅब टाकून झाला.

"आता क्रेन उतरवणार," त्याने टपरीवर सांगितलं. "दोन दिवस सलग कमी वारा हवा. मध्यमच्या वर गेला की हात लावायचा नाही. उतरली की मी दुसऱ्या साइटवर. बसने नऊ तास."

"अच्छा," मी म्हणाले.

"अच्छा?"

"मग काय म्हणू?"

त्याने कपाकडे पाहिलं. "नाही... काही नाही."

घरी आईने ताट वाढलं आणि माझ्याकडे बघत बसली. "तोंड का असं उतरलंय? कमी दाबाचा पट्टा आलाय का कुठे?" माझ्या नोकरीमुळे आईची ही भाषा झाली होती.

"काही नाही गं."

"त्या क्रेनवाल्याची बदली झाली वाटतं."

मी दचकले. "तुला कुणी सांगितलं?"

"रोज तोच तर असतो तुझ्या बोलण्यात. तो म्हणाला, त्याने सांगितलं, त्याचा शब्द असा आहे. मला आता तो शेजारी राहतो असं वाटतं. त्याला सांगितलंस का काही?"

"तो जाणार आहे, आई. आता सांगून काय उपयोग?"

"सांगितलं नाहीस तर तो जाणारच ना," आई म्हणाली आणि भाजी वाढायला लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांनी आकडा दिला, अठ्ठावीस ते बत्तीस. सीमा तिसाला होती. त्याखाली मध्यम, त्यावर जोरदार. मी 'जोरदार' लिहिलं. पद्धतीप्रमाणे तो माझा अधिकारच होता, असं मी मनाला सांगितलं. दिवसभर क्रेन उभी राहिली. दुपारी त्याने वरून हात केला, मीही केला. त्याच्या पुढच्या दिवशी सत्तावीस ते एकतीस. पुन्हा जोरदार. तिसऱ्या दिवशी पंचवीस ते तीस... आता सीमा कुठे आणि मी कुठे, पण लिहिलं मी 'जोरदार'च.

चौथ्या दिवशी आकडा होता बारा. खिडकीबाहेर झाडाचं पान हलत नव्हतं. मी मायक्रोफोन पुढे ओढला आणि सहा वर्षं कमावलेल्या आवाजात सांगितलं, "वारा जोरदार राहील." सांगताना माझे कान गरम झाले होते.

साडेदहाला तो ऑफिसात आला. टेबलासमोर उभा राहिला, बसा म्हटलं तरी बसला नाही.

"वर जाऊन आलो," तो म्हणाला. "जेवणाच्या डब्याखाली ठेवलेला कागद काढून बाहेर ठेवला. तो हलला नाही."

मी समोरचा आकड्यांचा कागद उलटा घातला.

"कोपऱ्यावरच्या शाळेने आज खेळांच्या शर्यती रद्द केल्या. मुलं परत जाताना बघितली मी. जोरदार वारा आहे म्हणून." त्याचा आवाज चढला नाही, तेच जास्त लागलं. "उद्या खरंच वादळ येईल. वर दुसरा कुणी बसलेला असेल. तो नंबर फिरवेल, तुम्ही 'वादळी' म्हणाल, आणि तो म्हणेल, या बाई असंच सांगतात. बसून राहील तो, मॅडम. मग गारा पडतील."

"तुम्ही..." मी सुरुवात केली. माझ्याजवळ वाऱ्याचे नऊ शब्द होते आणि यातलं काहीच सांगायला त्यातला एकही उपयोगाचा नव्हता.

"का केलंत?" त्याने विचारलं.

समोर साहेब बसले होते, टायपिस्ट बसली होती. मी टेबलावरचे कागद सरळ करत राहिले. तो निघून गेला.

मी उठून साहेबांच्या टेबलापाशी गेले आणि चारही दिवसांचं सांगून टाकलं.

"कारण?" साहेबांनी विचारलं.

"वैयक्तिक आहे."

"वैयक्तिक कारणाने वारा वाढत नसतो," ते म्हणाले. मग त्यांनी चष्मा पुसला. "दुरुस्ती आत्ताच जाईल. तुझ्याच आवाजात. आणि महिनाभर शब्द मी लिहीन, तू आकडे मांड."

हे ऐकून मला रडू यायला हवं होतं, पण सुटल्यासारखं वाटलं. मी मायक्रोफोनपुढे बसले. "आज सकाळच्या अंदाजात वारा जोरदार असल्याचं सांगितलं होतं. ते चूक आहे. वारा मंद आहे आणि पुढील तीन दिवस मंद राहील. चूक अंदाज लिहिणारीची, म्हणजे माझी आहे." शेवटचं वाक्य साहेब काढायला लावतील असं वाटलं होतं, पण त्यांनी राहू दिलं.

या एका वाक्याने क्रेन उतरणार होती आणि तो जाणार होता. मला ते पक्कं माहीत होतं, आणि तरी मी बटण दाबलं.

---

दोन दिवस मी आकडे मांडले आणि खिडकीतून बघितलं. चाकांवरची एक मोठी क्रेन आली आणि उंच क्रेनचे तुकडे उतरवत गेली. आधी लांब हात, मग मागची तोलाची वजनं, मग काचेची खोली. खोली दोराला लटकून हळूहळू खाली आली तेव्हा मी दुसरीकडे बघितलं. दुसऱ्या दिवशी चार वाजता समोर नुसतं आभाळ होतं, निरभ्र.

मी साहेबांना अर्धा तास मागितला. "वैयक्तिक," मी म्हणाले. "जा," ते म्हणाले.

तो फाटकापाशी ट्रकवरचे दोर तपासत होता. मला बघून थांबला. हात काळे झाले होते, डोळ्यांखाली जागरणाची वर्तुळं होती.

"दुरुस्ती ऐकली मी," तो म्हणाला.

"चूक सांगितली. कारण सांगायचं राहिलं." मी एका दमात बोलून टाकलं, नाहीतर बोलले नसते. "तुम्ही जाऊ नये म्हणून केलं. तुम्ही मला आवडता. खूप. हे चहाच्या वेळी सांगायला हवं होतं, सगळ्या शहराला खोटा वारा सांगायला नको होता. झालं, एवढंच."

त्याने दोराची गाठ सोडली, परत बांधली.

"तुमच्या अंदाजावर क्रेन उतरत नसते, मॅडम," तो अखेर म्हणाला.

"म्हणजे?"

"वर चढायचं की नाही हे मी तुमचं ऐकून ठरवतो, ते माझं झालं. उतरवायची की नाही, ते काट्यावर ठरतं. वारा मोजणारा काटा असतो, केबिनमध्ये. मुकादम खालून विचारतो, काटा किती? वरचा माणूस आकडा सांगतो."

मला कळायला वेळ लागला. "वरचा माणूस म्हणजे..."

"मी." त्याने मान खाली घातली. "पहिल्या दिवशी काटा सव्वीसवर होता. तुमचा 'जोरदार' ऐकला, आणि मुकादमाला म्हटलं, तेहेतीस. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशीही. मला वाटलं तुमची नजरचूक आहे आणि माझं फावलंय. चौथ्या दिवशी पान हलत नव्हतं, तरी तुम्ही जोरदार म्हणालात, तेव्हा कळलं की आपण दोघंही तेच करतोय. आणि त्या शाळेची मुलं समोरून परत गेली. मग मी येऊन तुमच्यावर ओरडलो. खरं तर माझ्यावर ओरडायचं होतं."

"तुम्ही ओरडला नव्हतात."

"आतून ओरडत होतो. तुमची दुरुस्ती ऐकली आणि मुकादमाकडे जाऊन सगळं सांगितलं. त्याने टॉवरचे सगळे बोल्ट माझ्याकडूनच काढून घेतले. दोनशे चाळीस."

आता मात्र मला हसू आवरेना. डोळ्यांतून पाणी यायला लागलं तरी थांबेना. तोही हसायला लागला, मग एकदम थांबला आणि सरळ माझ्याकडे बघितलं.

"मी तिथे आठ महिने असेन. मग आणखी कुठे. असंच आहे माझं. पण मला तुझ्याबरोबर राहायचंय. लग्न करून." 'तू' कधी झालं ते त्याला कळलं नव्हतं, मला कळलं. "चालेल का... म्हणजे, विचार करून सांग. घाई नाही."

"बस किती वाजता आहे?"

"उद्या सकाळी नऊला."

"मग घाई आहे," मी म्हणाले. "आईला आजच भेटावं लागेल."

"आत्ता? असा?" त्याने काळ्या हातांकडे पाहिलं.

"आत्ता. हात धू, आणि ते हेल्मेट काढ."

त्याने काढलं. इतक्या दिवसांत मी त्याला हेल्मेटशिवाय पाहिलंच नव्हतं. केस चपटे बसले होते, मधेच एक पांढरी बट होती, आणि कान जरा जास्तच मोठे होते. मला तेही आवडले.